न दिसलेल्या चेहऱ्यांविषयी माझं मत

४ जानेवारी, शनिवार

आज रेडिओवर मी खोटं बोलले. तसं गेलं दीड वर्ष थोडंथोडं बोलतेच आहे, पण आज जवळजवळ पकडली गेले.

नवा सिनेमा होता दीपगृहाच्या रखवालदाराच्या बायकोचा. नवरा वादळात बोट घेऊन जातो, परत येत नाही. शेवटी ती खडकावर उभी राहते आणि सिनेमा संपतो. माइकसमोर मी म्हणाले, "त्या शेवटच्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं, तेवढ्यासाठी तरी तिकीट काढा. ओठ हलत नाहीत, पण डोळ्यांत सगळं आहे."

डेलची खुर्ची करकरली. दोन-तीन सेकंद तो काहीच बोलला नाही. रेडिओवर तीन सेकंद म्हणजे फार झाले. मग म्हणाला, "एल्माला म्हणायचंय, बाई चक्क पाठमोरी उभी आहे, तरी आपल्याला तिचा चेहरा दिसल्यासारखा वाटतो. ही दिग्दर्शकाची करामत. काय एल्मा?"

"तेच म्हणतेय मी," मी म्हणाले. 

पाठमोरी. मला तिथे एक काळा उभा ठिपका दिसला होता आणि मी त्याला डोळे लावून दिले.

डेलची ही जुनी खोड आहे, माझं वाक्य घ्यायचं आणि त्याला इस्त्री करून आपलं म्हणून ठेवायचं. पण आज त्या खोडीने मला वाचवलं. बावीस वर्षं आम्ही दर शनिवारी सकाळी दहाला 'दोन तिकिटं' करतो. एक नवा सिनेमा, एक जुना, आणि आमची दोघांची मतं, जी कधी जुळत नाहीत. मी शाळेच्या लायब्ररीत होते, त्याचं मुख्य रस्त्यावर जोड्यांचं दुकान होतं. दोघांनीही सिनेमा कधी बनवला नाही. लोकांना भांडण आवडतं म्हणून ऐकतात.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून ही वही. जाड काळ्या पेनने, एका पानावर सात-आठ ओळी. याहून बारीक लिहिलं तर माझं मलाच वाचता येत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

उजवा डोळा गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गेला. गेला म्हणजे पूर्ण नाही. कडा दिसतात. ज्याच्याकडे बघावं त्याच्या जागी मात्र धूर. माणसाकडे बघितलं की खांदे दिसतात, केस दिसतात, चेहऱ्याच्या ठिकाणी राखाडी बोळा. डावा त्यातल्या त्यात बरा होता, म्हणून मी गप्प राहिले.

आज सकाळी न्हाणीघरात फरशांच्या मधल्या रेघा बघितल्या, एकेक डोळा झाकून. डाव्या डोळ्यालाही रेघा सरळ दिसत नाहीत. मधोमध फुगतात, पाण्यात काठी दिसावी तशा.

मी कमोडच्या झाकणावर बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. कॉफी उकळून गेली.

आईचं असंच झालं होतं. पासष्टीला तिला आम्ही आवाजावरून कळायला लागलो. मी वैतागायचे तिच्यावर. "समोर तर आहे, आई," म्हणायचे. ती हात टेबलावरून सावकाश पुढे सरकवायची, कप सापडेपर्यंत. मला परवा त्रेसष्ट पूर्ण झाली.

डॉक्टरकडे जायला हवं, हे मला कळतं. पण डॉक्टरने सांगितलं की ते खरं होतं. अजून मी फक्त फरशा बघितल्या आहेत.

१६ जानेवारी, गुरुवार

डेलने नवं काढलंय. जुना सिनेमा आपण दर गुरुवारी त्याच्याकडे एकत्र बघायचा. म्हणे त्याचा टीव्ही मोठा आहे. बावीस वर्षं आपापल्या घरी बघत आलो, ते बरं चाललं होतं. घरी मी पडद्यापासून वीतभर अंतरावर, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू शकते. त्याच्यासमोर कसं बघणार?

पण नाही म्हणायला कारण सापडेना. गेले. वेलदोड्याचा पाव नेला. जुना पोलिसी सिनेमा, काळा-पांढरा. आणि हा माणूस पूर्ण वेळ बोलत होता. "बघ, आला तो, हॅट काढली." "अरे, हिने पत्र चुलीत टाकलं." "हा आपल्याकडे बघतोय की दाराकडे? दाराकडे." 

"डेल, मला सिनेमा ऐकू देशील का?"

"सवय झालीय एकट्याने बघायची," तो म्हणाला. "भिंतीशी बोलतो मी हल्ली."

त्याची बायको रूथ जाऊन चार वर्षं झाली. म्हणून मी पुढे काही बोलले नाही. पण साठीनंतर पुरुषांच्या तोंडाला झाकण राहत नाही, हे खरं.

१९ जानेवारी, रविवार

थिएटरमध्येही तेच. कुजबुज, कुजबुज. पुढच्या रांगेतली बाई दोनदा मागे वळली. दुसऱ्यांदा तिला डेल म्हणाला, "माफ करा, माझी बहीण जरा मंद आहे." मी त्याच्या नडगीवर बूट हाणला.

बाहेर पडल्यावर म्हणाला, "माझ्या ट्रकमधून चल. हीटर नवा टाकलाय."

"माझ्या गाडीला हीटर आहे."

"बर्फ पडतोय."

"जानेवारी आहे, डेल."

घरापर्यंत अडीच मैल. रस्ता मला पाठ आहे. ताशी वीसच्या वेगाने येते. कडेचे बर्फाचे ढीग कोपऱ्यातून दिसतात, त्यांच्या मधून जायचं. समोरून दिवे आले की थांबायचं. स्टिअरिंगवरून हात काढले तेव्हा हातमोजे आतून ओले झालेले होते.

२६ जानेवारी, रविवार



अडीचचा खेळ पावणेपाचला सुटला. उजेड जात आला होता आणि तळ्यावरून वारा सुटलेला, बर्फ आडवा उडत होता. डेल म्हणाला, "गाडी इथेच राहू दे. मी सोडतो. उद्या घेऊन जा." मी त्याला म्हणाले, तू माझा बाप नाहीस. तो फुटपाथवर उभा राहिला. आरशात त्याचा आकार बराच वेळ दिसत होता.

वाटेवरच्या ओयाला कुटुंबाच्या घराखालच्या वळणावर गाडीला काहीतरी लागलं. मोठा आवाज नाही. धप्प, आणि मग चाकाखाली काहीतरी मोडल्याचा आवाज. हरीण असतं तर गाडी हादरते. हे हलकं होतं. हलकं होतं हीच गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी थांबले, उतरले. काही दिसेना. जिकडे बघावं तिकडे धूर, आणि कडेने उडतं बर्फ. मी वाकून हातांनी चाचपलं, पुढच्या चाकाजवळ, मग कडेच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. हाका मारल्या. "कोणी आहे का? लागलं का कुणाला?" वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मागच्या बाजूला गेले की नाही, आठवत नाही. गेले असेन. नाही गेले बहुतेक.

मग मी गाडीत बसून घरी आले.

२७ जानेवारी, सोमवार

दर तासाच्या बातम्या ऐकल्या. सहाच्या, सातच्या, आठच्या. काही नाही. बातमी नाही याचा अर्थ काहीच नसतो. बर्फात माणूस दोन दिवस सापडत नाही.

उजाडल्यावर गॅरेजमध्ये गेले. बंपर हातांनी तपासला. डाव्या कोपऱ्याला तडा आहे, पूर्वी नव्हता. तड्यात काहीतरी अडकलं होतं. ओढलं तर निघालं. दोरीचा तुकडा, बोटभर लांब, गोल विणीचा. डोळ्याच्या कोपऱ्यात धरून पाहिला. पिवळा असावा किंवा पांढरा. एका टोकाला गाठ.

मुलांच्या जाकिटाच्या टोपीला अशी नाडी असते.

बंपरवर आणखी काही आहे का ते मला दिसत नाही. वास घेतला. रबराचा आणि मिठाचा. कुणाला बोलावून विचारू की बघ रे, याला रक्त लागलंय का? मग मी गरम पाण्याची बादली आणली आणि सगळं धुतलं. धुऊन झाल्यावर कळलं मी काय केलं ते. काही नसेल तर धुवायचं कशाला? असेल तर मी पुरावा धुतला.

दोरी चमच्यांच्या खणात ठेवली आहे. दुपारी तीन वेळा खण उघडला.

२८ जानेवारी, मंगळवार

डेलचा फोन. या आठवड्याचा जुना सिनेमा कोणता घ्यायचा. मी म्हणाले, पडसं झालंय.

"आवाजावरून वाटत नाही."

"तू डॉक्टर कधीपासून झालास?"

"रविवारी घरी नीट पोचलीस ना?"

"हो," मी म्हणाले, आणि फोन ठेवून पुन्हा चमच्यांचा खण उघडला.

२९ जानेवारी, बुधवार

कळलं.

घरात दूध नव्हतं. गाडीला हात लावायची हिंमत नव्हती, स्कीची काठी घेऊन चालत दुकानात गेले. काउंटरवरची बर्निस पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. कर्टिस ओयाला रविवारपासून झोपलेला नाही, म्हणाली. त्याची पाच वर्षांची टेसा दारासमोरच्या उतारावर घसरगाडी खेळत होती. खाली रस्त्यापर्यंत आली, एक हातमोजा वर राहिला म्हणून तो आणायला चढून गेली. तेवढ्यात गाडी आली आणि घसरगाडीवरून गेली. प्लास्टिकचे तुकडे झाले. पोरगी वीस पावलांवर होती.

"आणि ऐका," बर्निस म्हणाली, "कर्टिसने खिडकीतून बघितलं. गाडी थांबली. माणूस खाली उतरला, बघितलं, आणि परत गाडीत बसून निघून गेला. बूट घालून तो खाली येईपर्यंत गायब. कसली माणसं असतात हो, मिस निस्कानेन?"

मी म्हणाले, खरंय. दूध घेतलं. दाराबाहेर आल्यावर कठड्याला धरून उभी राहिले. पोरगी जिवंत आहे. मला हुश्श वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती जिवंत आहे यात माझं काहीच कर्तृत्व नाही. हातमोज्याचं आहे.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी डेलकडे चालत गेले. त्याने दार उघडलं तेव्हा कोट न काढता स्वयंपाकघरात जाऊन गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सगळं सांगितलं. धप्प आवाज, हाका, दोरी, बादली.  त्याने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं.

"पोरगी?"

"तिला काही नाही झालं."

तो बसला. 

"मला दिसत नाही, डेल."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. त्या न्यायाधीशाच्या सिनेमात त्याची दाढी त्याला शोभते, असं तू रेडिओवर म्हणालीस. त्याला दाढी नव्हती, एल्मा. सावली होती."

मला आधी रागच आला. "आणि तू गप्प राहिलास."

"गप्प कुठे? पूर्ण वेळ बोलतच होतो."

हे कळायला मला थोडा वेळ लागला. हॅट काढली, पत्र चुलीत टाकलं, दाराकडे बघतोय. मी खुर्चीत बसले. दोन आठवडे हा माणूस माझ्या कानात सिनेमा ओतत होता आणि मी त्याच्या नडगीवर लाथा मारत होते.

पण राग गेला नाही. अजूनही गेलेला नाही, म्हणून लिहून ठेवते. मी म्हणाले, "दाढीचं झाकलंस ते ठीक. पण गाडी चालवताना बघत होतास ना मला? तोंडावर सांगायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. तरी सांगायचं होतंस."

 मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोललो असतो तर तू कार्यक्रम सोडला असतास. मला आठवड्यात एकच दिवस असतो, एल्मा. बाकीचे सहा मी तो यायची वाट बघतो."

म्हणजे तो त्याच्या भीतीने गप्प आणि मी माझ्या. आणि मध्ये रस्त्यावर एक पाच वर्षांची पोर. हे मी बोलले नाही. त्यालाही सुचलं असावं, कारण त्याने किल्ल्या उचलून खिशात घातल्या आणि तोंड धुवायला गेला.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी शेरिफच्या ऑफिसात फोन करून सांगितलं. गाडीचा परवाना परत करायचा आहे, असंही मी म्हणाले. दुपारी शेरिफचा डेप्युटी येऊन जबाब आणि परवाना घेऊन गेला. त्यानंतर ओयालांकडे. डेलला ट्रकमध्येच बसवलं.

दार कर्टिसने उघडलं. "रेडिओवाल्या मिस निस्कानेन? या ना, आत या."

"आधी ऐकून घ्या," मी म्हणाले, आणि उंबऱ्यावरच सांगितलं. घसरगाडीची दोरी पुढे केली. त्याने ती घेतली. मागून त्याची बायको जोडी आली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. दीड वर्ष मला सिनेमातले चेहरे हुकल्याचं वाईट वाटत होतं. हा चेहरा दिसला नाही, याचं मात्र बरं वाटलं. याची लाजही वाटली.

"तुम्ही उतरला होतात," ती म्हणाली. "बघून गेलात."

"उतरले. बघता नाही आलं. हाका मारल्या."

"तुम्हाला दिसत नाही, हे गाडीत बसताना माहीत होतं?"

"हो."

"मग मी तुम्हाला काय सांगू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हीच सांगा, मी काय बोलू."

 तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "मम्मी, ही बाई कुणाकडे बघतेय?" मी तिच्याकडेच बघत होते. कोपऱ्यातून बघायचं म्हणून मान दुसरीकडे होती. कोपऱ्यात एक लाल स्वेटर दिसला, दाराच्या कडीपेक्षाही बुटका.

जोडी तिला घेऊन आत गेली. कर्टिसने दार लावताना म्हटलं, "आलात ते बरं केलंत." ते माफ केल्यासारखं नव्हतं. नुसतं म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल काहीच लिहिलं नाही. आजच्या तपासणीची भीती होती.

आज डुलुथ शहरात, डोळ्यांच्या दवाखान्यात. डेलने गाडी चालवली, दोन तास, आणि कधी नव्हे तो गप्प. डॉक्टर व्हँग म्हणून तरुण बाई. फोटो काढले, डाव्या हातात पिवळा रंग टोचला, पुन्हा फोटो. मग स्टूल ओढून समोर बसली आणि जरा बाजूला सरकली, माझ्या कोपऱ्यात येईल अशी. एवढ्यावरूनच कळलं की हिला सगळं कळलंय.

उजव्या डोळ्यात आता करण्यासारखं काही नाही. डाव्यात आत रक्तवाहिनी पाझरते आहे, ते नवं आहे. डोळ्यात औषध टोचायचं, दर चार आठवड्यांनी. आहे ते टिकेल. कदाचित थोडं सुधारेल. कदाचित नाही.

"मी ऑक्टोबरात आले असते तर?"

"तर जास्त वाचलं असतं," ती म्हणाली. मी विचारलं होतं, तिने सांगितलं. 

सुई डोळ्यात. जन्मभर मला सिनेमातली इंजेक्शनं बघवली नाहीत. थेंब घालून डोळा बधिर करतात, पापण्यांना चिमटा लावून उघडा ठेवतात, मिटता येत नाही. नर्सने हात धरला होता. "छताकडे बघा." दुखत नाही फारसं, दाब येतो. मग आत काळे बुडबुडे तरंगायला लागले आणि मला वाटलं, संपलं, हाही गेला. मी ओरडले. "हवेचे आहेत, उद्या जातील," नर्स म्हणाली.

परतीच्या वाटेवर डोळे मिटून बसले होते. डेलला विचारलं, "तू पण घाबरला होतास?"

"बाहेरच्या खोलीत एकच मासिक चार वेळा वाचलं," तो म्हणाला. "बदकांच्या शिकारीचं."

८ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या शनिवारी जुना कार्यक्रम पुन्हा लावला होता. आज स्टेशन सांभाळणारी मार्लिस म्हणाली, "सगळं सांगायलाच हवं का? तब्येत बरी नव्हती म्हण." पण बर्निसच्या दुकानातून ते गावभर झालेलंच आहे. आणि नसतं झालं तरी.

दहा वाजून एक मिनिटाने सांगितलं. दीड वर्ष मला चेहरे नीट दिसत नाहीत. जे दिसलं नाही ते मी बनवलं. गाडी चालवायला नको होती, चालवली. कुणाच्या अंगणासमोर, ते सांगितलं नाही. ते ज्याला माहीत आहे त्याला आहे.

पहिला फोन एका माणसाचा. "म्हणजे दीड वर्षं आम्ही तुमच्या शब्दावर तिकिटं काढली, ती कशाच्या जोरावर?"

"जेवढं दिसलं तेवढ्याच्या," मी म्हणाले. "बाकीचं थापा."

त्याने फोन आपटला. दुसरा फोन एका बाईचा. तिने सिनेमाचं काही विचारलंच नाही. तिच्या घरातली दाराची चौकट महिनाभर वाकडी दिसते, नवरा म्हणतो चष्मा बदल. मी तिला माइकवरच सांगितलं, आजच फोन कर, माझ्यासारखं थांबू नकोस. तिने डॉक्टरचं नाव दोनदा लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवी भीती.

डेलकडे जुना सिनेमा बघितला, दोन बहिणींचा. आता तो उघडपणे सांगतो, मी उघडपणे ऐकते. थोरली निरोप घेताना तो म्हणाला, "हसली. लबाड हसली." मी घरी येऊन मत लिहिलं: थोरली पहिल्यापासून लबाड आहे. मग काय वाटलं कोण जाणे, त्याच्याकडून आणलेली तीच डीव्हीडी घरी लावली, पडद्याला नाक टेकवून डावा डोळा तिरका केला आणि तो प्रसंग सहा वेळा बघितला. तुकड्यातुकड्यांनी दिसला. ती लबाड नाही. ती थकलेली आहे. ओठ एका बाजूला ओढलेत, बस.

त्याला फोन केला. "ओठ हलले, मान वळली, एवढंच सांग. हसण्याचा अर्थ माझा मी लावेन."

"नुसते ओठ कसे सांगू? मला जे दिसतं ते दिसतं."

"तेच तर म्हणतेय."

तो दुखावला. मला कळत होतं. पण मला भीती वाटते ती ही की आता जन्मभर माझी मतं म्हणजे डेलची मतं असतील, बायकी आवाजातली. डोळे गेले तर आईसारखी बसेन. पण मत गेलं तर शनिवारी माइकसमोर कोण बसलेलं असेल?

५ मार्च, बुधवार

काल दुसरी सुई. डॉक्टर म्हणाली, पाझर कमी झालाय. फरशांच्या रेघा अजून वाकड्या आहेत, पण वाढलेल्या नाहीत. मी रोज सकाळी मोजते. 

१२ मार्च, बुधवार

आज थिएटरमध्ये एकटी बसले. डेलला मागच्या रांगेत पाठवलं. मी सगळ्यात पुढे, अगदी डाव्या टोकाला, तोंड बाहेर जायच्या दाराकडे केलं, म्हणजे पडदा कोपऱ्यात येतो. वेड्यासारखी दिसत असेन. पहिली दहा मिनिटं भीतीने संवादच कानात शिरेनात. कोण आलं, कोण गेलं, काही कळेना. उठून मागे जावं, म्हणावं, सांग बाबा. नाही गेले.

सिनेमा भावाबहिणीचा. भाऊ पंधरा वर्षांनी घरी येतो, स्वयंपाकघरात बहिणीची माफी मागतो. लांबलचक बोलतो. ती गप्प. बोलताना तो मध्येच थांबतो, श्वास घेतो, पुन्हा सुरू करतो. ऐकता ऐकता मला वाटलं, हा पाठ करून आलाय. याला माफी नको, घर हवंय.

माझं मत. बरं-वाईट जे असेल ते, कुणाचं उसनं नाही.

१५ मार्च, शनिवार

कार्यक्रमात कडाडून भांडलो. डेल म्हणाला, भाऊ मनापासून बोलतो. मी म्हणाले, सराईत ढोंगी आहे.

"एल्मा, त्याचे डोळे भरून आलेत."

"असतील. मला नाही दिसले. मला ऐकू आलं ते सांगते. पश्चात्ताप झालेला माणूस वाक्यं पूर्ण करत नाही. हा प्रत्येक वाक्य पूर्ण करतो."

तीन सेकंद शांतता. मी वाट बघत होते, आता हा माझ्या वाक्याला इस्त्री करील. म्हणेल, एल्माला म्हणायचंय की... 

"मला पटत नाही," तो म्हणाला. "पुन्हा बघून येतो."

१६ मार्च, रविवार

पुढची सुई एक एप्रिलला. आज सकाळी उजव्या बाजूच्या दोन रेघा जास्त फुगल्यासारख्या वाटल्या. मग वाटलं, नाही. मग पुन्हा वाटलं. जोडी ओयाला परवा दुकानात माझ्या मागे उभी होती, बर्निसने कानात सांगितलं. ती माझ्याशी बोलली नाही, मीही हाक मारली नाही. डोळ्याचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही, डॉक्टरलाही नाही.

पाच वाजता दार वाजलं. डेल. अडीचच्या खेळाहून तडक आला होता, कोटावर बर्फ, टोपी हातात.

"तुझं चुकलं," तो दारातूनच म्हणाला. "तो बोलताना बहिणीचा हात धरून असतो आणि बोटं सबंध वेळ थरथरतात. आवाजात येऊ नये म्हणून वाक्यं पूर्ण करतो तो. साफ चुकलं तुझं, एल्मा. असं एकट्याने बघशील तर पुन्हाही चुकशील."

मी दाराला धरून उभी होते. गेल्या सहा महिन्यांत माझं मत चुकलं असं मला कुणीही, एकदाही, म्हणालं नव्हतं. 

"मला नाही पटत," मी म्हणाले. "आत ये आणि पटवून दे."